हाकेपुरता आवाज

प्रिय हेमू,

आनंदाची बातमी आधी! माझ्या गळ्यातली गाठ साधी निघाली, कर्करोग नाही. सुई टोचली तेव्हा मुंगी चावल्यागत वाटलं, पण मी डॉक्टरणीचा हात असा आवळला की बिचारीच्या बांगड्या रुतल्या. गळ्यात थायरॉइड नावाची ग्रंथी असते म्हणे, फुलपाखराच्या आकाराची. जन्मभर फुलपाखरू बाळगलं आणि मला पत्ता नाही!

डॉक्टरीण म्हणाली, “आमा, एवढी वाढेपर्यंत करत काय होतात?” काय सांगू? गळ्यालगतचा सोन्याचा गुलोबंद काचला की मी मागची दोरी सैल करायची. इथे डोंगरात सगळ्याच तसं करायच्या. सासूने तर सुनेचं कौतुकच केलं होतं, “ब्वारीला आमचं तूप मानवलं, गळा कसा भरलाय!” डॉक्टरीण हसली. “तूप नव्हे हो, आयोडीन कमी पडलं.” आता मीठ चांगलं येतं, पण एवढी जुनी गाठ मिठाने विरत नाही. श्वासनळी दाबते, उताणं पडलं की जीव घुसमटतो. म्हणून दिवाळीनंतर हल्द्वानीला कापून काढायची ठरली.

तुम्ही सगळे खाली शहरात उतरलात तेव्हापासून आपल्या गावात धूर माझ्याच चुलीचा. समोरच्या डोंगराच्या धारेवर भागुली, तीही एकटीच. फोनला रेंज नाही. सकाळी मी अंगणातून ओरडते, “भागुलीऽ, आहेस की गेलीस?” ती तिकडून, “तुला पोचवल्याशिवाय कशी जाऊ गं भवाने!” मग दोघींच्या चुली पेटतात. मागे एकदा उत्तर आलं नाही, तर मी ओढा ओलांडून धापा टाकत वर गेले. तापाने फणफणली होती. दोन दिवस काळ्या सोयाबीनची, आपल्या भटाची डाळ करून घातली, तेव्हा कुठे शिव्या द्यायला लागली.

डॉक्टरीण सांगते, आवाजाची नस गाठीला लागूनच असते. काही दिवस आवाज बसेल, क्वचित कुणाचा परततच नाही. मरणाला नाही गं, मी ह्याला भ्याले. भागुलीला म्हटलं, मी थाळी वाजवीन. तर म्हणते, “थाळी तर माकडं हाकलायला रोजच वाजते, त्यात तू कोणती ते कसं कळायचं?” हेमू, तुझा आवाज अगदी माझ्यासारखा. कारखान्यातून रजा मिळाली तर ये. मला भरवायला नको, पाय चेपायला नको. सकाळी अंगणात उभी राहून माझ्या वतीने तिला एक हाक मार. आणि ती काय म्हणाली ते मला ऐकू येईलच.

तुझीच आजी, अजून ओरडू शकणारी,
खष्टी आमा