शाही गाडीचा अधिकृत गाइड

५ ऑक्टोबर २००४, मंगळवार
आज नाशिकरोड स्टेशनवर ती नवी शाही पर्यटन गाडी पाहिली. डब्यांत सोफे, बाथटब, न्हावीसुद्धा आहे म्हणतात. एप्रिलपर्यंत दर मंगळवारी येणार. पन्नासेक गोरे पाहुणे उतरले. तुतारी, औक्षण, हार. मग बसने लेण्यांवर. मी स्कूटरवरून मागोमाग.
त्यांचा गाइड सांगत होता की ही लेणी पांडवांनी एका रात्रीत खोदली. माझं डोकं सणकलं. पंधरा वर्षं दर रविवारी मी इथे येणाऱ्याजाणाऱ्याला फुकट सांगतोय की बाबांनो, ही त्रिरश्मी बौद्ध लेणी आहेत, इथे भिक्खू राहायचे. तीन नंबरच्या लेण्यातला शिलालेख मला तोंडपाठ आहे. तो जगाला कळायला नको?
ठरलं. या गाडीचा अधिकृत गाइड मीच होणार.

६ ऑक्टोबर
शाळेत अर्ज दिला. सहा महिने बिनपगारी रजा. अर्जाला वजन यावं म्हणून शेवटी लिहिलं, ‘रजा मंजूर न झाल्यास सदर अर्ज हाच माझा राजीनामा समजावा.’ हेडसर हादरतील. बावीस वर्षं मी या शाळेचा एकुलता एक क्लार्क, माझ्या हाताशिवाय एक कागद इकडचा तिकडे झालेला नाही. माझा राजीनामा मंजूर करायचा तर ते पत्रही मलाच टाइप करावं लागेल, कारण दुसरं आहे कोण? यादव? तो शिपाई. नाइट कॉलेजातून बी. कॉम. झालाय, पण स्टेपलरमध्ये पिना उलट्या भरतो.
लताला सांगितलं. बायको अंगणवाडी सेविका, त्यामुळे सगळ्यांशी पाच वर्षांच्या पोराशी बोलावं तशी बोलते. ते शेवटचं वाक्य खोडा म्हणाली. खोडलं नाही. खाडाखोड केलेला अर्ज मी स्वतः कधी स्वीकारत नाही.

१२ ऑक्टोबर, मंगळवार
प्लॅटफॉर्मवरचा सगळा कारभार धनराज बघतो. कंत्राटदाराचा माणूस. वय पंचवीस, हातात वॉकीटॉकी. त्याला बायोडाटा दिला. त्याने चार घड्या घालून मागच्या खिशात ठेवला, म्हणजे जपून ठेवला. ‘बघू काका’ म्हणाला. ऑफिसच्या भाषेत ‘बघू’ म्हणजे सत्तर टक्के काम झालं.

१९ ऑक्टोबर, मंगळवार
बघितलं नाही. बसमध्ये जागा नव्हती म्हणे.
घरी इंग्रजीचा सराव. रोशनी, आमची मुलगी, यंदा बारावीला आहे. तिचं म्हणणं, पप्पा इंग्रजी बोलताना ओरडतात. परकी भाषा जरा मोठ्यानेच बोलावी लागते. हे तिला पुढे कळेल.

२ नोव्हेंबर, मंगळवार
गर्दीत उठून दिसावं म्हणून भगवा फेटा बांधून गेलो. दोन म्हाताऱ्या मडमांनी माझ्यासोबत फोटो काढले. मी त्यांना सातवाहनांविषयी सांगायला लागलो तर त्या खूप हसल्या. आवडलं असावं. धनराज लांबून टक लावून बघत होता.

९ नोव्हेंबर, मंगळवार
नेमणूक झाली!
तूर्त बसच्या दाराशी. अंगरखा, फेटा, चिकटवायच्या मिशा. पाहुणे चढताना कमरेत वाकायचं आणि उजवा हात छातीवर. मी विचारलं, लेण्यांची माहिती कधी सुरू करू? धनराज म्हणाला, “काका, बोलायचं नाही. तुम्ही फक्त दिसायचं.”
ठीक आहे. मोठ्या संस्थांत एकदम वर घेत नाहीत. लताला मिशांचं सांगितलं नाही.

२३ नोव्हेंबर, मंगळवार
एका पाहुण्याच्या कानात हळूच ‘केव्ह नंबर थ्री, सेकंड सेंच्युरी’ एवढंच म्हटलं. तो दचकून पायरीवर आपटला. धनराजने समज दिली. तोंडी दिली, लेखी नाही, त्यामुळे रेकॉर्डवर काही नाही.
बस लेण्यांवर जाते तेव्हा मी स्टेशनच्या पार्किंगमध्येच थांबतो. इथला पॉइंट कोणीतरी सांभाळायला हवाच.

३० नोव्हेंबर, मंगळवार
संध्याकाळी यादव घरी आला. हेडसरांचं पत्र घेऊन. रजा नामंजूर, पंधरा दिवसांत हजर व्हा. हे पोस्टाने आलं असतं. पण तो बसला, चहा घेतला, आणि एकदम हात जोडले. “मोतीरामभाऊ, या ना परत. साहेबांनी तुमचा अर्ज फाइलला लावायला सांगितलाय. माझ्या हातून नका करून घेऊ.”
बघा! अडलं ना घोडं? फाइल कशी लावतात तेच त्याला येत नाही. मी म्हटलं, हेडसरांनी स्वतः यावं. यादव जिन्यापर्यंत जाऊन परत वळला, पुन्हा एकदा हात जोडले आणि गेला. लता आतून ऐकत होती.

१४ डिसेंबर, मंगळवार
मुदत उद्या संपते. हेडसर आले नाहीत. उद्या येतील.

१५ डिसेंबर
नाही आले. मी गॅलरीत बसून होतो, पाहुणा आला तर दिसावा म्हणून.

४ जानेवारी २००५, मंगळवार
रजिस्टर पत्र. राजीनामा मंजूर. सोबत माझ्याच अर्जाची झेरॉक्स, शेवटच्या वाक्याखाली लाल रेघ. जावक क्रमांक, संदर्भ, प्रत माहितीसाठी, सगळं जागच्या जागी. तीनदा तपासलं, एक चूक सापडली नाही. खाली ‘प्रभारी लिपिक’ म्हणून यादवची सही.
बावीस वर्षं. त्याला पत्र लिहायला मीच शिकवलं होतं, हे आज आठवलं.
असो. आता पूर्ण लक्ष पर्यटनावर देता येईल.

८ फेब्रुवारी, मंगळवार
मिशीच्या गोंदाने वरचा ओठ सुजलाय. वाकून कंबर धरली. गाइड तोच आहे आणि अजून पांडवच सांगतो. मला ते पाहुण्यांच्या परतीच्या गप्पांतून कळतं. मी काही बोलू शकत नाही.
लता सकाळी अंगणवाडीत, दुपारी लोकांचे ब्लाउज शिवते. मशीन थांबत नाही. मी म्हटलं, थोडे दिवस. ती म्हणाली, बरं.

१५ मार्च, मंगळवार
आज मोठी गोष्ट. मुंबईहून दोन माणसं आली. माझे चारी बाजूंनी फोटो काढले. टेप लावून उंची, छाती, खांदे, वाकल्यावर कंबर, सगळी मापं. एकाने नाकाचंही माप घेतलं. उघड आहे, कायम स्टाफचा युनिफॉर्म शिवतायत. पुढच्या सीझनपासून मी परमनंट!
लताला सांगितलं. तिने मशीन थांबवलं. युनिफॉर्मला नाकाचं माप कशाला, म्हणाली. तिचं शिवणकाम ब्लाउजांपुरतं. मोठ्या टेलरांची पद्धत वेगळी असते.

४ ऑक्टोबर २००५, मंगळवार
सीझनचा पहिला दिवस. साडेसहालाच पोचलो. बसच्या दाराशी आधीच कोणीतरी वाकून उभं होतं.
फायबरचा पुतळा. चेहरा माझा. फेटा, हात छातीवर, सगळं माझं. फक्त मिशा जास्त चांगल्या. धनराज घाईत होता. म्हणाला, काका, फोन करणारच होतो, राहूनच गेलं. सगळ्या स्टेशनांवर असेच बसवलेत.
गाडी आली. पाहुणे पुतळ्याला बघून खूश. एका बाईने माझ्याकडे कॅमेरा दिला आणि नवऱ्यासोबत पुतळ्याशेजारी उभी राहिली. मी बटण दाबलं. थँक्यू म्हणाली. बस गेली.
घरी आलो. लताला सगळं सांगितलं, मिशांचंही. तिने विचारलं, तुमच्यासारखा दिसतो का? मी म्हटलं, हुबेहूब. मग मला रडूच कोसळलं. ती जवळ येऊन बसली. म्हणाली, तीन नंबरच्या लेण्यात काय लिहिलंय ते मला सांगा, मी कधी विचारलंच नाही. सांगायला लागलो, पण दुसऱ्या ओळीच्या पुढे आठवेना.