बाद काचांचा डाव

रविवार, ४ मे. दुपारी ४.
आजपासून पोकर शिकायचं ठरवलं. सुट्टीच्या दिवशी आमच्या चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत मालक, शेजारच्या दवाखान्यातला कंपाउंडर आणि काउंटरवर डोळे तपासणारी ती, असे तिघं खेळतात. मी चौथा. पैसे नाहीत, घासताना बाद झालेल्या चष्म्याच्या काचा लावायच्या. बाद काचा माझ्याच हातून होतात, त्यामुळे भांडवल भरपूर. सरमिसळ नको म्हणून माझ्या चाळीस काचांवर बारीक क्रमांक घातले.
संकल्प : महिनाभरात तिला हरवायचं, मगच मनातलं सांगायचं. हरलेल्या माणसाचं कोण ऐकतं?

रविवार, ११ मे.
एका जोडीपेक्षा दोन जोड्या मोठ्या, हे पाठ. तरी सतरा काचा गेल्या. सगळ्या तिच्याकडे. म्हणाली, घाश्या, तुझे पत्ते बघायला वाकावं लागत नाही, तोंडावरच छापलेले असतात. सगळे हसले. मीही हसलो. (डावपेच.)

मंगळवार, १३ मे.
दुकानात सात आरसे. सातही आरशांत निर्विकार चेहऱ्याचा सराव. एका गिऱ्हाइकाने विचारलं, बरं नाही का. म्हणजे प्रगती आहे.
घरी मावशी म्हणाली, मेल्या, तोंडावरची माशी तरी उडव.

रविवार, २५ मे.
चाळीसही तिच्याकडे गेल्या. नव्या बाद काचा आणल्या. क्रमांक घालायला वेळ नव्हता.
एक निरीक्षण : माझ्या क्रमांकाच्या काचा ती पुन्हा डावावर लावत नाही. कंपाउंडरकडून जिंकलेल्या मात्र बिनधास्त उधळते. तिच्या खेळातला मोठा दोष. उपयोगी पडेल.

शनिवार, ३१ मे. सकाळी ११.
ती मशीनपाशी आली. म्हणाली, मालकांच्या भावाने परगावच्या दुकानात बोलावलंय. कायमचं. उद्याच निघायचं, आज होकार कळवायचाय. जाऊ का?
चेहरा ढिम्म. मनात दहा आकडे मोजले. ती बघतच राहिली, तेवढ्यात हातातली काच जास्त घासली गेली. मी म्हटलं, तू बघ. ती म्हणाली, बरं.
तिला काहीही वाचता आलं नाही. पहिल्यांदाच. उद्या हरवतो आणि सगळं सांगतो. जाणार नाही ती. रविवारचा डाव ती कधी चुकवत नाही.

रविवार, १ जून.
तिघंच होतो. मला तीन राण्या आणि दोन दश्श्या आल्या. चेहरा हलला नाही. सगळ्या काचा जिंकल्या. कंपाउंडर म्हणाला, शिकलास की रे.
आवरताना मालकांनी एक कापडी पिशवी दिली. म्हणाले, सकाळच्या गाडीने गेली, ही तुझ्यासाठी ठेवून. काल मला दोनदा विचारलं पोरीने, तो काही म्हणाला का.
आत माझ्या काचा. पुसून, क्रमाने कागदात गुंडाळलेल्या. एकोणचाळीस. तीनदा मोजल्या. तेवीस क्रमांकाची नाही.
माझ्याच हातून पडली असणार. उद्या मशीनखाली नीट बघायचं.