दहावी पायरी

पाली, ता. रत्नागिरी
गुरुवार

प्रिय योगू,

माझं अक्षर बघून दचकशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते. आप्पा बरे आहेत, मी बरी आहे, गायही बरी आहे. इथे कोणाला काही झालेलं नाही. घाबरलेय ती मी, आणि घाबरलेय ती तुझ्यासाठी. रविवारी तुझा फोन झाल्यापासून माझं कशात म्हणून लक्ष नाही. फोन वाजला की हातातलं टाकून धावते, आणि नाही वाजला की त्याच्यापाशीच बसून राहते. काल कुळथाच्या पिठीत दोनदा मीठ पडलं आणि तुझ्या आप्पांनी ती मुकाट्याने खाल्ली. एरवी मिठाचा खडा इकडचा तिकडे झाला तर ताटावर बसून व्याख्यान देणारा माणूस तो! ह्यावरून ओळख, तेही किती धास्तावलेत.

फोनवर का नाही बोललीस, असं विचारशील. फोनवर तू हसतेस गं. मी काही विचारायला जावं तर 'मी मजेत, तुझे गुडघे कसे आहेत' म्हणून उलट मलाच विचारतेस, आणि मी वेडी गुडघ्यांचं पुराण लावून बसते. फोन ठेवल्यावर लक्षात येतं की तुझं काहीच कळलं नाही. पत्रात तुला मधे बोलता येत नाही, तेवढा एक फायदा.

शिमग्याला तू आलीस तेव्हा अख्ख्या वाडीला तुझ्या नोकरीचं कोडं पडलं होतं. कुठला देश किती श्रीमंत आणि तिथली माणसं रोजच्या जगण्यात किती सुखात, हे शोधायचं काम करते माझी मुलगी नॉर्वेत, असं मी आपली सगळ्यांना सांगत सुटले होते. गंगाराम भाऊजी म्हणाले, ह्याचा पगार देतात? मग तू घरोघर जाऊन विचारलंस, की समजा दहा पायऱ्यांची शिडी आहे, वर सगळ्यात चांगलं आयुष्य, तळाला सगळ्यात वाईट, तर तुम्ही कितव्या पायरीवर? आणि वाडीने तुला एकच उत्तर दिलं, पाच. गंगाराम भाऊजींचे चौघे मुलगे मुंबईत कमावते, स्लॅबचं घर, दारात गाडी, तरी पाच. शेजारच्या काशीच्या पडवीत पाऊस बाहेर पडतो तेवढाच आत पडतो, तीही पाच. तू कपाळाला हात लावलास. तिकडची माणसं आठ म्हणतात नि आपल्या कामाला लागतात, म्हणालीस. अगो, इथे वरची पायरी कोण सांगेल? सुख बोलून दाखवलं की दृष्ट लागते. आणि खालची सांगावी तर देवाला वाटायचं, ह्याला किती दिलं तरी हा रडतोच. म्हणून मधली. कसं काय विचारलं की 'चाललंय' म्हणायचं, त्यातच सगळं आलं. एक मासेवाली सोनूबाई तेवढी निराळी निघाली. डोक्यावरची टोपली उतरवायच्या आधीच म्हणाली, 'अगो बाय, शिडी खालनं धरतंय कोण, ता आदी सांग. मंग मी पायरी सांगतंय.' किती हसलो होतो आपण!

शेवटी तू ओटीवर येऊन बसलीस, दमलेली, तोंड उतरलेलं. मला वाटलं, पोरगी एवढ्या लांबून आली आणि सगळ्यांनी तिला वाटेला लावलं. म्हणून मी दहा सांगितलं. चांगलं मोठ्याने, तुळशीसमोर उभं राहून सांगितलं, हात दाखवून अवलक्षण! तू म्हणालीस, खरंच आई? मी म्हटलं, खरंच, मला काय कमी आहे. मग मी तुला तुझी पायरी विचारली. तू दोन बोटं वर केलीस आणि हसलीस. मी म्हटलं, चल, थट्टा पुरे, आणि भाकरी करपते म्हणून आत पळाले. योगू, ती भाकरी करपली असती तर काय आकाश कोसळणार होतं?

दुसऱ्या दिवशी पालखी आली. आठवतं ना, लहानपणी तू पालखीसमोर काय काय मागायचीस! एकदा गणिताच्या बाईंची बदली होऊ दे म्हणून मागितलंस, आणि बाई नेमक्या तुझ्या मागे नारळ घेऊन उभ्या. वाडी हसून हसून लोळली. ह्या वेळी गंगाराम भाऊजी तुझ्यासाठी गाऱ्हाणं घालायला उभे राहिले आणि विचारलं, बाय, देवाजवळ काय मागणं? तू हात जोडून म्हणालीस, माझं काही मागणं नाही. सगळ्यांनी नुसतंच 'व्हय म्हाराजा' केलं. मागाहून बायका म्हणाल्या, पोरगी किती तृप्त आहे बघा, श्रीमंत देशात राहिली की असं होतं. आणि माझी छाती फुगली. आता तीच छाती धडधडते. ज्याला जगायचं आहे त्याला काहीतरी हवं असतंच गं. अगदी काही नाही तर उद्या बाजारात चांगला बांगडा मिळू दे, एवढं तरी.

निघताना तू तुझे चांदीचे पैंजण काशीच्या नातीला दिलेस. पुस्तकं शाळेत दिलीस. निळी गोधडी, जिच्याशिवाय तुला झोप यायची नाही, ती मला घडी करून दिलीस आणि म्हणालीस, तुझ्याकडेच राहू दे. ताटातला पापलेट अर्धा टाकलास, तू, मांजराला काटासुद्धा न ठेवणारी! हे सगळं मी डोळ्यांनी बघत होते आणि मला कौतुक वाटत होतं, की मुलगी शांत झालेय, मोठी झालेय. आणि रविवारी फोनवर तू म्हणालीस, आई, तू दहावर आहेस ना, मग माझी काळजी मिटली. एवढं सहज म्हणालीस आणि कॅमेरा खिडकीकडे वळवून मला समुद्र दाखवलास. मी समुद्र बघितलाच नाही.

का नाही, ते सांगते. तुला चिमाआत्या आठवते, आप्पांची बहीण. तू चौथीत होतीस. ती विहिरीवर पाय घसरून गेली, असं आम्ही तुला सांगितलं. पाय घसरला नव्हता, योगू. आज पहिल्यांदा तुला हे लिहितेय. वाडीतलं पहिलं स्लॅबचं घर तिचं. पहिला टीव्ही तिचा. नवरा बहरीनहून भरभरून पाठवायचा. सगळ्या बायका म्हणायच्या, नशीब काढावं तर चिमाने. त्या शिमग्याला तिनेही मागणं घातलं नव्हतं. मग एक दिवस ते तांब्याचं घंगाळ घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, वहिनी, तुझ्याकडे राहू दे. इतकी शांत, इतकी हसरी, की मला वाटलं आता हिचं बरं चाललंय. मी आपली घंगाळ मिळालं म्हणून खूष. चिंचेने घासून लख्ख केलं. त्याच घंगाळात ह्या शिमग्यालाही तुझ्या आंघोळीचं पाणी काढत होते. दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं म्हणतात, आणि माझ्यापुढे परत दूधच आलं तरी मला ओळखता आलं नाही.

तू नॉर्वेत बर्गनला गेलीस तेव्हा मला किती आनंद झाला होता! व्हिडिओवर बघितलं तर पाऊस आपल्यासारखा, डोंगर आपल्यासारखे, बाजारात मासे, आणि वर पैसा. मी म्हटलं, हे तर श्रीमंत झालेलं कोकणच की. न्हाणीघराची जमीनसुद्धा गरम! मग मी तुला विचारलं, शेजारीण कशी आहे, आणि तुला इतक्या वर्षांत तिचं नावही ठाऊक नव्हतं. मला त्याचा राग आला होता. इथे ती काशी न विचारता आत येते, टोपावरचं झाकण उघडून बघते आणि वर कोकम कमी पडलंय म्हणून सांगते. जन्मभर मी तिच्या नावाने बोटं मोडली. पण खरं सांगू, फक्त तिकडच्या देशाला नावं ठेवायला माझी जीभ उचलत नाही. चिमाच्या वेळी आमची सगळ्यांची दारं उघडी होती. काशी रोज तिच्याही टोपात डोकावत होती. आम्ही वीस बायका तिच्या ओटीवर बसून तिचा टीव्ही बघत होतो आणि तिच्याकडे एकीनेही बघितलं नाही. श्रीमंती बघितली की माणूस तिच्यापलीकडे बघायचं सोडतो, इकडचा काय नि तिकडचा काय.

म्हणून ते दहा मी परत घेतेय. ते खोटं होतं. तुझं काम फुकट जाऊ नये म्हणून बोलले. तू ते खरं धरून निर्धास्त झाली असशील, आता हिला माझी गरज नाही असं तुझ्या मनात आलं असेल, ह्या विचाराने मी रात्री उठून बसते. मला तुझी गरज आहे. लाजबीज सोडून लिहितेय. रविवारी तुझा फोन यायच्या आधी मी केस विंचरून बसते, हे तुला ठाऊक आहे? आणि माझी पायरी विचारशील तर ती तुझ्या पायरीवर ठरते. तू आठवर तर मी आठवर, तू दोनवर तर मी दोनवर. मला वेगळी शिडी कोणी दिलेलीच नाही.

हे सगळं मी आप्पांना सोमवारी सांगितलं. आधी म्हणाले, उगाच काहीतरी, पोरगी कामाने दमलेय. मग मी चिमाचं नाव घेतलं. आपल्या घरात ते नाव कोणी घेत नाही, तुला माहीत आहे. आप्पा उठले आणि घंगाळ उचलून गोठ्यात नेऊन ठेवलं. बराच वेळ आले नाहीत म्हणून बघायला गेले तर गाईच्या पाठीवर हात ठेवून रडत होते. त्यांना रडताना मी तेव्हाही बघितलं नव्हतं. तोंड धुऊन आत आले आणि सरळ मुंबईला तुझ्या विनीतदादाला फोन लावला.

तर आता ऐक. गेल्या वर्षी तू हौसेने माझा पासपोर्ट नि व्हिसा करून घेतलास आणि ऐन वेळी मी गुडघ्याचं निमित्त सांगून पाय मागे घेतला. गुडघा नव्हता, विमानाची भीती होती. विनीत म्हणतो, तो व्हिसा अजून चालतो. तिकीट झालंय, उद्याच निघतेय. आप्पा गाईपाशी राहणार आहेत. म्हणतात, मी आलो तर नुसता बसून राहीन, तू जा, तुला भांडता तरी येतं. हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. तुझ्या दारात उभी राहीन आणि आधी हे तुझ्या हातात देईन, कारण तोंड उघडलं तर मी एक तर रडेन नाहीतर भांडेन, आणि जे बोलायचं ते राहून जाईल. तोवर रोज फोन करतेय, गाईचं नि काशीचं काहीबाही बोलतेय, आणि तू उचलेपर्यंत देवाचं नाव घेतेय. मी आल्यावर जमेल तसं सांग, नाही जमलं तर नको सांगूस. तिकडे ह्याचे डॉक्टर असतील, त्यांच्याकडे दोघी जाऊ, ताप आला की जातो तसं. शिडी मी खालून धरते. माझे हात अजून घट्ट आहेत. पिशवीत निळी गोधडी आहे, ती परत घे. आणि योगू, हे तू वाचत असशील तर मी वेळेत पोचले. वाचून झालं की मान वर कर, मी समोरच बसलेय.

तुझीच,
आई