चावडीसाठी किती सतरंज्या?

दौलतगंज, गुरुवार संध्याकाळ

उद्या आमच्या या हिंदी मुलखातल्या मराठी वाचनालयात ‘चावडी’ या शब्दावर बोलायचंय. अर्थ पाठ आहेत: गावची कचेरी, न्यायनिवाड्याची जागा, रिकामटेकड्यांचा अड्डा. सभेत शोभतो तो सभ्य, एवढं संस्कृतही वर घालीन. पण रिकाम्या सभेत कोण शोभणार?

धास्ती सतरंज्यांची आहे. आमच्याकडे माणसं मोजत नाहीत, किती सतरंज्या उलगडल्या ते बघतात. गेल्या वेळी एकच, तीही अर्धी. उद्याही तसंच झालं तर समिती ही खोली कोचिंगवाल्यांना देणार.

मुलगी म्हणाली, “बाबा, चौपाल बोल दो ना, सबको समझ आएगा.”

“मग तू ये. ‘सबको’ची सुरुवात तुझ्यापासून.”

“उद्या माझी कोचिंग आहे ना!”

झालं!

मग बाहेर पडलो; येताना वाचनालयात डोकावलो. वाचनालय सांभाळणारे, ऐंशीच्या घरातले दत्तूकाका सगळ्या सतरंज्या झटकत होते.

“सगळ्या कशाला, काका?”

“चावडी आहे ना उद्या? मग भरायला नको?”

घरी येऊन फोन करत बसलो. नऊजण “बघतो” म्हणाले. बघतो म्हणणारा माणूस सतरंजीवर बसलेला मी अजून पाहिलेला नाही.