साठ माझे, चाळीस त्याचे

रविवार, १२ एप्रिल १९८७. मुलुंड.

नितीनच्या भुवईला तीन टाके पडले. मी पाडले. सख्ख्या, धाकट्या भावाला.

कारण काय, तर टीव्हीला जोडलेल्या कॉम्प्युटरवरचा लढाईचा गेम. एक चाल त्याची, एक माझी. सुरू होताना गेम विचारतो, कुणाला किती सैनिक, किती धान्य. ते आकडे नितीनच भरायचा, तोवर मी आत चहा टाकायचो. दोन महिने दर रविवारी मीच जिंकत होतो. ऑफिसात सांगत सुटलो होतो, डोकं लागतं म्हणून.

आज दूध नासलं, म्हणून लगेच बाहेर आलो. टीव्हीवर आकडे दिसले. त्याला चाळीस, मला साठ.

"हे काय रे?"

"अरे दादा, हरलास की दोन दिवस नीट जेवत नाहीस तू. म्हणून..."

म्हणजे मी कच्चा लिंबू. एकोणतीस वर्षांचा घोडा. त्याची मानगूट धरली आणि डोकं टीव्हीच्या लाकडी कोपऱ्यावर आपटलं. कीबोर्डवर रक्त सांडलं तरी थांबलो नाही. तोंडावर, कानावर बुक्के घालत राहिलो. आई ओरडत होती, "अरे, मरेल तो." पडद्यावर माझे साठ तसेच उभे.

एकच गोष्ट डोक्यातून जात नाही. नितीन रोज व्यायामशाळेत जातो, मला एका हाताने उचलून आपटेल. मग हात का नाही उचलला त्याने? शेवटपर्यंत दोन्ही हात मांडीवरच होते.

मारामारीतही त्याने मला जिंकू दिलं.