दाराजवळच्या खुर्च्या

रविवार, नांदुरा

बाळंतपणानंतर शोभा आज पहिल्यांदा हौसेने बाहेर पडली. आई सकाळीच म्हणाली होती, "एवढ्याशा लेकराले टाकीजमध्ये कोणी नेते काय?" पण मी शोभाची बाजू घेतली. बाळ रडलं तर कोणाला ओलांडून जायला नको, म्हणून दाराजवळच्या खुर्च्या मुद्दाम धरल्या. नेमका वर भिंतीला स्पीकर. लोकांच्या त्रासाचा एवढा विचार केला, बाळाच्या कानांचा केलाच नाही.

पहिल्या गाण्यालाच ते किंचाळायला लागलं. मागून एक जण म्हणाला, "ओ भाऊ, बाहेर न्या न पोट्ट्याले. आम्ही याचं रडणं ऐकाले आलो काय?" दुसरा हसला, "त्याचं तिकीट काढलं काय बे?" शोभा बाळाला घेऊन उठली. "तुम्ही बसा," म्हणाली. मी कसा बसणार?

बाहेर बाळ लगेच शांत झालं. म्हणजे तो स्पीकरच. आत पलीकडच्या खुर्च्या रिकाम्या होत्या, तिथे बसता आलं असतं. हे तेव्हा का सुचलं नाही? मग परत आत चल म्हटलं, तर ती नको म्हणाली. लवकर घरी गेलो तर आईला कळेल, म्हणून पिक्चर सुटेपर्यंत पायऱ्यांवर बसून राहिलो.

घरी आईने विचारलं, "रडला नाही न?"

"नाही, झोपला होता," शोभा म्हणाली. मग भाजी निवडता निवडता तिने आईला अख्खा पिक्चर सांगितला. शेवटी दोघांचं लग्न होतं म्हणे. आईने माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हणालो.