जाड ऑईल

सुकन्या,

जीपच्या पुस्तकात तीसचं आन् चाळीसचं, दोन्ही ऑईल चालतात म्हणालीस. इंजन जुनं, ऊन लई, म्हणून जाडवालं चाळीसचं टाका, असं तुझं म्हणणं. "पोळी गोल येईना आन् निघाली मिस्त्री व्हायला," असं मी चारचौघांत बोलले.

आज तुझ्या नवऱ्यानं तेच ऑईल टाकून भर उन्हात जळकोटहून जीप आणली. दारात उभी, तरी खडखड न्हाई. बंद हाय का म्हणून मी बॉनेटवर हात ठेवला, तर चालू! तुझे मामंजी नवी घेऊन आले तवा अशीच होती. हात उचलंना माझा.

मी महादेवाला चालले. जीपची चावी देवघरातल्या नंदीपाशी ठेवलीय. तुझ्या मामंजींच्या मागं सुनांना कधी दिली न्हाई. उद्यापासून पोरांना जीपनं शाळेला तूच ने.

तुझं वरण मात्र पातळच झालतं.

सासूबाई